हुंड्यात गेलेली मुंबई आणि गोव्याचे डोंगर

गोव्यातल्या झोन बदलाचा (म्हणजे शेती-डोंगराच्या जमिनी बांधकामासाठी मोकळ्या करण्याचा) वाद इंग्लंडमध्ये बसून वाचताना मला १६६१ चा करार आठवतो. पोर्तुगालने राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली आणि हुंड्यात वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी), उत्तर आफ्रिकेतलं टँजियर आणि मुंबई लिहून दिली. १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीला एकमेकांवर तोफा डागणारे व्याही झाले, कारण पोर्तुगालला स्पेनची आणि डचांची धास्ती होती आणि चार्ल्सला पैसा हवा होता. मुंबईच्या कोळ्या-भंडाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

गोव्यातला व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो इ कास्त्रो मात्र अडून बसला. इंग्रज मुंबईत ठाण मांडतील त्या दिवशी हिंदुस्थान हातचा गेला, असं त्याने राजाला कळवलं. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन शिपायांसह कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर ताटकळला (हे बेट आजही गोव्यातच मोडतं). तिथे रोगराईने माणसं पटापट गेली, १६६४ मध्ये तोही गेला. १६६५ मध्ये मुंबई मिळाली आणि तीनच वर्षांत चार्ल्सने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

माझ्या गल्लीत कुणाला परवानगी लागेल अशी एखादी खोली मागे वाढवायची असली तरी काउन्सिलची नोटीस दिव्याच्या खांबाला लागते आणि शेजाऱ्यांना २१ दिवस हरकत घेता येते. हरकत मानली जातेच असं नाही, पण ती का फेटाळली हे वाचायला मिळतं. फोंड्याहून काकी सांगते, "डोंगरावर जेसीबी चढला तेव्हा आम्हाला कळलं." गॅझेटमध्ये छापलेली सूचना तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

मित्र म्हणतात, जमीन मालकाची, तू परदेशातून बोलू नकोस. मालकी त्याची खरी, पण डोंगर कापला की झर आटते ती खालच्या कुळागरांची, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांची. आणि विचारून निर्णय घेणं गोव्याला नवीन नाही. १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रातल्या विलीनीकरणावर कौल घेतला गेला आणि तो विलीनीकरणाविरुद्ध गेला. आमच्यासारख्या अनेक मराठी घरांना तो रुचला नाही, तरी सगळ्यांनी मानला.

म्हणून असे झोन बदल करू देणारं गोव्याच्या नगरनियोजन कायद्यातलं ३९ अ कलम जायला हवं. ग्रामसभेत नकाशा मांडून लोकांचं ऐकल्याशिवाय एकाही सर्व्हे नंबराचा झोन बदलता कामा नये.