प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले डोळ्यांचे ड्रॉप कोणासाठी? एका औषधविक्रेत्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. नागपूरच्या महालात इतकी वर्षं औषधांचं दुकान सांभाळणाऱ्या माणसानं एवढं सविस्तर लिहिलं, त्याचा मान ठेवूनच उत्तर देते. ॲलर्जीसोबत डोळे कोरडेही असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह (बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं रसायन) नसलेले ड्रॉप डॉक्टरांकडे मागावेत, असं मी मागे लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की, मी प्रिझर्व्हेटिव्हची उगाच भीती घातली, लोकांना महागड्या औषधाच्या नादी लावलं आणि डॉक्टरांशी हुज्जत घालायला शिकवलं. शिवाय २०२३ मध्ये अमेरिकेत असल्याच ड्रॉपनी लोकांचे डोळे गेले, याचीही तुम्ही आठवण दिलीत.

तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच, म्हणून आधी तो घेते. तमिळनाडूत तयार झालेले ते कृत्रिम अश्रू होते. स्यूडोमोनास जंतूच्या संसर्गानं काहींची दृष्टी गेली, काही जण दगावलेही. मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जे दोष दाखवले त्यांत जंतुतपासणीतली ढिलाई होती, आणि बाटली पुन्हा पुन्हा वापरायची असूनही आत पुरेसं प्रिझर्व्हेटिव्ह नव्हतं हेही होतं. म्हणजे साध्या बाटलीतून नुसतं प्रिझर्व्हेटिव्ह काढून टाकणं धोक्याचंच. मी सांगत होते त्या दोन प्रकारांबद्दल: एकदा वापरून फेकायची छोटी प्लास्टिकची कुपी, किंवा बाहेरचं काही आत जाऊ न देणारी झडप अथवा फिल्टर असलेली बाटली. कुपी उघडली की लेबलवर लिहिलंय तेवढीच वापरायची. उरलेलं औषध उद्यासाठी झाकून ठेवायचं नाही, पैसे वाया गेले तरी चालेल.

आता भीतीचं. ड्रॉपमधलं नेहमीचं प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड. ते जंतू मारतं, पण ते मुळात साबणासारखं काम करणारं रसायन आहे. अश्रूंवरचा तेलाचा पातळ थर ते फोडतं, बुबुळाच्या वरच्या पेशींनाही त्रास देतं. आठवडाभर ॲलर्जीचे ड्रॉप टाकणाऱ्या निरोगी डोळ्याला हे सहसा कळतही नाही. त्यांनी तुमच्याकडची नेहमीची बाटली खुशाल न्यावी. पण ज्याचे डोळे आधीच कोरडे आहेत, त्याचा तो थर अगोदरच कमजोर असतो. त्यात आपला नागपूरचा मे महिना, दिवसभर तोंडावर कूलर किंवा एसी. ॲलर्जीचं औषध दोनदा, कृत्रिम अश्रू चार-सहा वेळा, आणि काचबिंदू असेल तर त्याचंही वेगळं. प्रत्येक बाटलीत थोडं थोडं, पण डोळा एकच. अशा माणसाला जळजळ वाढली की ॲलर्जीच वाढली असं वाटतं आणि तो आणखी ड्रॉप टाकतो. माझ्या घरात हे मी जवळून पाहिलंय, म्हणून इतक्या कळकळीनं लिहिलं होतं.

सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्यांनीही डोळे आणखी कोरडे पडू शकतात, हेही डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.

हुज्जत घाला असं मी म्हटलेलं नाही. डॉक्टरांपुढे सगळ्या बाटल्या ठेवाव्यात, दिवसाला एकूण किती थेंब जातात ते सांगावं आणि विचारावं, ‘डोळे कोरडेही आहेत, तर प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री लिहून देता येईल का?’ ते शब्द चिठ्ठीवर आले तरच उपयोग. नुसतं ओलोपॅटाडिन (ॲलर्जीच्या ड्रॉपमधलं औषध) लिहिलं असेल तर काउंटरवरचा मुलगा हाताशी असेल तेच देणार, त्यात त्याचा दोष नाही. ॲलर्जीचं तसं औषध मिळालंच नाही, तर निदान कृत्रिम अश्रू तरी तसे घ्यावेत, आणि दिवसातून दोनदा टाकायच्या ०.१ टक्के ओलोपॅटाडिनऐवजी एकदाच टाकायचं ०.२ टक्के चालेल का, हे विचारावं. दोन औषधांत पाच-दहा मिनिटं अंतर ठेवावं.

महाग आहे, मान्य. म्हणूनच सरसकट सगळ्यांना नको. पण स्वस्त पडतं म्हणून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे ड्रॉप नेणारे पेशंट तुम्हीही पाहिले असतील. त्यांतून डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू होतो. तिथे तुम्ही नाही म्हणत असाल, तर त्या नकाराचे मोल माझ्या सगळ्या लिखाणापेक्षा जास्त आहे.

एक विनंती. महालात आणि इतवारीत अशा कुप्या कोणत्या दुकानांत नेहमी असतात, आणि न मिळाल्यास मागवून द्यायला किती दिवस लागतात, ते कळवाल का? सप्तपर्णीला बहर येऊन ॲलर्जीचे दिवस आले की हाच प्रश्न मला पुन्हा विचारला जाणार आहे.