‘समोरचे दात सरळ झाले, आता ट्रे बंद’: हा सल्ला नेमका कुठे चुकतो

अलायनर म्हणजे दात सरळ करण्यासाठी ओळीने बदलत घालायचे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे. त्यांच्याबद्दलचा एक सल्ला सध्या भरपूर फिरतो आहे. सारांश असा: समोरचे दात सरळ दिसले की ट्रे घालणं थांबवा, उरलेले ट्रे फक्त बिल वाढवायला असतात, दात एकदा सरकले की तिथेच राहतात, फारच वाटलं तर शेवटचा ट्रे रात्री घाला, आणि मन बदललं तर सोडलं तिथून पुन्हा सुरू करा. पाच विधानं आहेत. त्यातलं चौथं अर्धं खरं आहे, बाकीची नाहीत.

‘समोरचे दात सरळ दिसतात, म्हणजे काम झालं’

आरशात दिसतो तो दाताचा हिरडीबाहेरचा भाग. मूळ त्याहून लांब असतं आणि ते हाडात असतं. ट्रे धरतो फक्त बाहेरच्या भागाला, त्यामुळे जोर लागला की दात आधी कलतो. उभाच्या उभा सरकत नाही. मुळाला जागेवर आणायचं काम बरेचदा पुढच्या ट्रेंवर असतं आणि त्यासाठीच दातांवर दाताच्या रंगाचे ते छोटे उंचवटे, म्हणजे अटॅचमेंट, चिकटवलेले असतात. उपदाढ, म्हणजे सुळा आणि दाढ यांच्या मधला दात, काढून जागा केली असेल तर हे फार ठळकपणे दिसतं. फट मिटलेली दिसते, पण एक्स-रे काढला तर शेजारचे दोन दात वरून एकमेकांकडे झुकलेले आणि मुळं लांब राहिलेली. इथे थांबलात तर ती फट पुन्हा उघडायला लागते.

दुसरी गोष्ट चावण्याची. वरचा आणि खालचा असे प्लास्टिकचे दोन थर दिवसभर दाढांच्या मध्ये असतात. त्यांच्या जाडीमुळे दाढा किंचित आत दबू शकतात. शिवाय मधल्या टप्प्यात पुढचे दात एकमेकांवर आधी टेकत असतील, तर मागे फट राहते. घरी अंदाज घ्यायचा असेल तर पातळ कागदाची बोटभर पट्टी एका बाजूच्या दाढांमध्ये धरा, नेहमीसारखं चावा आणि पट्टी ओढा. अडली तर दाढा टेकताहेत. विनासायास सरकून बाहेर आली, तर त्या बाजूने तुम्ही नीट चावत नाही आहात. ही फट काही वेळा आपोआप भरून येते, पण भरोसा नाही. तोवर चावण्याचा भार पटाशीच्या दातांवर पडतो. त्यांच्या कडा झिजतात, कधी दात हलतोही. योजनेतले शेवटचे ट्रे आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये अडकवायचे रबर बँड पुष्कळदा याच कामासाठी असतात. फोटोत त्यांचा परिणाम दिसत नाही, म्हणून ते फालतू वाटतात.

‘उरलेले ट्रे बिल वाढवायला’

ट्रेची संख्या अंतरावरून निघते. एका ट्रेमध्ये दात साधारण 0.25 मिमी सरकवायचा किंवा एक-दोन अंश फिरवायचा असतो. एखादा दात 3 मिमी न्यायचा तर किमान 12 ट्रे लागले. सातव्यावर थांबलात, तर कागदोपत्रीच 1.25 मिमी बाकी. प्रत्यक्षात बाकी जास्त, कारण संगणकाच्या पडद्यावर दाखवलेली हालचाल तोंडात सहसा शंभर टक्के उतरत नाही. सुळे आणि उपदाढा गोलसर असतात. त्या फिरवताना ट्रे घसरतो. म्हणूनच अनेकांना शेवटी नव्याने स्कॅन करून जादा ट्रे, म्हणजे रिफाइनमेंट, लागतं. फीबद्दल शंका असेल तर रिफाइनमेंट आणि रिटेनर, म्हणजे उपचारानंतर दात जागेवर धरून ठेवणारं साधन, त्यात धरले आहेत का, हे सुरुवातीलाच लेखी विचारावं. ट्रे सोडून देणं हा हिशेब चुकता करायचा मार्ग नव्हे.

‘दात सरकले की तिथेच राहतात’

पाचांपैकी सर्वांत महागात पडणारं विधान हेच. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे 0.2 मिमी जाडीचा तंतूंचा थर असतो. एका बाजूने दाब आला की त्या बाजूचं हाड विरघळतं, उलट बाजूला नवं तयार होतं. नवं हाड सुरुवातीला कच्चं असतं, म्हणून उपचार चालू असताना दात थोडे हलतात. दाब काढल्यावर मुळाभोवतीचे तंतू नव्याने जुळायला तीन-चार महिने घेतात. हिरडीतले तंतू त्याहून सावकाश बदलतात, आणि हाडाच्या कडेवरचे लवचीक तंतू वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ ताणलेलेच राहू शकतात. फिरवलेला दात हे तंतू ओढलेल्या रबरासारखे मागे खेचतात. त्यामुळे परतण्याची पहिली लक्षणं बहुधा फिरवलेल्या दातांतच दिसतात. खालचे पुढचे दात तर उपचार न घेतलेल्या माणसांतही वयाबरोबर दाटी करतात. म्हणजे अर्ध्यात सोडलेला दात ‘तिथेच’ राहत नाही, आणि पूर्ण उपचारानंतरही रिटेनर सुटत नाही.

आणखी एक भर. जागा करण्यासाठी दोन दातांच्या मधून 0.5 मिमीपर्यंत इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, घासलेलं असेल आणि ती जागा बंद व्हायच्या आत उपचार सोडला, तर फटी तशाच राहतात आणि अन्न अडकत राहतं. घासलेलं इनॅमल परत येत नाही.

‘शेवटचा ट्रे रात्री घाला’

रिटेनर तयार होईपर्यंत शेवटचा ट्रे घालायला डॉक्टर स्वतःच सांगतात. एवढ्यापुरतं विधान बरोबर. पण ट्रे आठवडा-दोन आठवडे टिकावा या बेताने केलेला असतो. काही महिन्यांत तो सैल पडतो, दाढांपाशी चिरतो. आणि अर्ध्या वाटेवरचा ट्रे दातांना अर्ध्या वाटेवरच धरून ठेवणार. शिवाय सुरुवातीला नुसती रात्र पुरत नाही. रिटेनर आधी काही महिने जवळपास पूर्ण वेळ आणि मग रात्री असाच क्रम बहुधा सांगितला जातो.

‘सोडलं तिथून पुन्हा सुरू करा’

ट्रे रोज 20 ते 22 तास घालायचा असतो तो उगाच नाही. काही दिवसांच्या खंडानंतरही तो घट्ट लागतो. काही आठवड्यांनंतर बसतच नाही. खूण सोपी आहे: आरशात ट्रेची कड आणि दाताची कड यांच्यामध्ये पोकळी दिसते, बहुधा मधल्या दोन दातांच्या शेजारच्या लहान दातापाशी. पोकळी अगदी बारीक असेल तर च्युई, म्हणजे चावायची मऊ नळी, पाच-दहा मिनिटं चावून आणि तोच ट्रे काही दिवस जास्त घालून ती बुजते. मोठी असेल तर जोर करू नये. अटॅचमेंट निघतात, ट्रे चिरतो. गरम पाण्यात घालून मऊ करण्याचा उपाय तर मुळीच नको, त्याने ट्रेचा आकारच बिघडतो. एक-दोन ट्रे मागे जाऊन नीट बसणारा सापडतो का ते पाहावं, तो घालत राहावा आणि डॉक्टरांना कळवावं. एकही बसत नसेल तर नवा स्कॅन, नवी योजना.

काही जणांना खरोखरच मधे थांबावं लागतं: हिरडीचा आजार बळावतो, परगावी जायचं असतं, पैसे पुरत नाहीत. तेव्हा तसं सांगून थांबावं. अटॅचमेंट आपोआप पडत नाहीत. राहिले तर त्यांच्या कडेने कीटण साचतं आणि डाग धरतात. ते क्लिनिकमध्येच घासून काढावे लागतात. क्रम असा: चावणं तपासणं, अटॅचमेंट काढणं, मग स्कॅन किंवा माप, मग रिटेनर. स्कॅन आधी आणि अटॅचमेंट नंतर असं झालं, तर फायलीतले उंचवटे पुसल्याशिवाय केलेल्या रिटेनरमध्ये त्या जागी रिकामे खळगे राहतात.