‘जपानी आहे, काही होत नाही’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

गाडीवेड्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, मला आतापर्यंत तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला आणि तिघांनीही खाली ‘बघ, तू बरोबर केलंस’ असं लिहिलं होतं, म्हणून म्हटलं आता उत्तर द्यायलाच पाहिजे. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात मेसेज असा: नव्वदच्या दशकातली जपानी स्पोर्ट्स कार डोळे झाकून घ्या, कारण जपानी इंजिन बिघडत नाही, वेळेवर ऑइल बदललं की बास. कमी चाललेली शोधा, ती जवळजवळ नवीच असते. पार्ट स्वस्त आणि कुठेही मिळतात. पैसे बुडत नाहीत, किंमत वाढतच जाते. आणि पंचवीस वर्षं झाली की गाडी भारतात पण नेता येते.

मी अमेरिकेत ओहायोत राहतो, गॅरेजमध्ये पहिल्या पिढीची माझदा मियाटा आहे, म्हणजे दोन सीटांची छोटी स्पोर्ट्स कार, १.६ लिटरवाली, वर उचलली जाणारी हेडलाइटं वगैरे. त्यामुळे बोलणं जास्त तिच्याबद्दल होईल, बाकीच्या गाड्या लागतील तशा येतील. आणि आधीच सांगतो, गाडी घेऊ नका असं माझं म्हणणंच नाही. घ्या, जरूर घ्या, फक्त ती बिघडत नाही म्हणून घेऊ नका. बिघडल्यावर आपल्या हाताने, दोन संध्याकाळी खर्चून, साध्या पान्यांनी नीट करता येते म्हणून घ्या. या दोन्हीत खूप फरक आहे आणि तो फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कळलेला नाही.

आता पहिला मुद्दा, बिघडत नाही. अहो, जपानी गाड्यांचं हे नाव झालं ते गाड्या नव्या होत्या तेव्हा, पहिल्या आठ-दहा वर्षांतल्या वागण्यावरून. मियाटा १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये लोकांसमोर आली, म्हणजे सगळ्यात जुन्या गाड्यांनी आता पस्तिशी ओलांडली. तिचं इंजिन खरंच दणकट आहे, माझदाच्या साध्या घरगुती गाड्यांच्या खानदानातलं, लोखंडी ब्लॉक, टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनांचा ताळमेळ ठेवणारा पट्टा) तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला धडकत नाहीत, गाडी नुसती बंद पडते आणि तुम्ही टो ट्रक बोलावता. पण इंजिनाच्या आजूबाजूला जे आहे ते रबर आणि प्लास्टिक आहे, आणि रबराला जपान-जर्मनी काही कळत नाही, वय झालं की ते कडक होतं.

रेडिएटर घ्या. वरची टाकी प्लास्टिकची, नवी असताना काळी, मग वर्षानुवर्षं तापून तापून तपकिरी होते, मग हिरवट-पिवळट, आणि तो रंग दिसला की समजायचं आता ही कधीही तडकणार. ऑइल तुम्ही कितीही वेळेवर बदला, रेडिएटर त्याने वाचत नाही. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) गळतो, हे तर इतकं नेहमीचं आहे की मियाटावाले त्याला बिघाड म्हणतच नाहीत, टायर झिजतात तसं तेही झिजतं असं धरून चालतात.

आणि एक माझं आवडतं दुखणं, आवडतं अशासाठी की यात लोक फुकट हजार-हजार डॉलर घालवतात. इंजिनाच्या मागच्या टोकाला, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) अगदी चिकटून, कॅम अँगल सेन्सर असतो, ठिणगी कधी पाडायची ते इंजिनाला कळवणारा. त्याच्यात एक छोटी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं. ती कडक झाली की तिथून ऑइल झिरपतं, खाली हीटरच्या होजवर पडतं, तेलाने होज फुगून मऊ पडतात, आणि बाकीचं ऑइल गिअरबॉक्सच्या बाजूने ओघळून खाली थेंब थेंब पडतं. गाडीखाली वाकून बघणाऱ्याला वाटतं मागचं मेन सील (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं ऑइल सील) गेलं, आता गिअरबॉक्स उतरवावा लागणार. करायचं काय असतं, तर १२ चा एक बोल्ट सोडवायचा (हात जात नाही, शिव्या येतात, ते धरून चाला), त्याआधी सेन्सर कुठे बसलाय त्याची मार्करने खूण करायची कारण तो जरा फिरला तरी इग्निशनचं टायमिंग बदलतं, सेन्सर ओढून काढायचा, जुनी ओ-रिंग खरवडायची, ती बांगडीच्या काचेसारखी तुटून येते, नवीला थोडं ऑइल लावून बसवायची. रिंगची किंमत चहाच्या एका कपाएवढी.

अजून एक, हे मात्र गंभीर आहे. १९९० च्या आणि १९९१ च्या सुरुवातीच्या १.६ गाड्यांत क्रँकशाफ्टचं (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) पुढचं टोक आखूड आहे. टायमिंग बेल्ट बदलताना पुढचा मोठा बोल्ट कुणी नीट आवळला नाही, तर पुलीला दांड्यावर धरून ठेवणाऱ्या छोट्या लोखंडी पाचरीची खाच हळूहळू झिजत जाते, पुली डुगडुगायला लागते, टायमिंग मागे पडतं, गाडीतला दम जातो. आणि हे झाल्यावर नुसता पार्ट बदलून भागत नाही, क्रँकवर काम येतं. बघायला गेलात तर क्रँक पुलीवर टॉर्च मारा आणि खाचा मोजा, चार असतील तर आखूड टोकाची, आठ असतील तर नंतरची सुधारलेली. चारवाली घेऊ नका असं नाही, हजारो गाड्या मजेत चालतायत, पण तो बेल्ट कुणी आणि कधी बदलला ते विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

आणि ही झाली सगळ्यात सोपी गाडी. ‘ऑइल बदललं की बास’ हे माझदाच्याच आरएक्स-७ वाल्याला सांगून बघा. तिचं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतो) थोडं ऑइल मुद्दाम जाळतं, आतली सीलं ओली राहावीत म्हणून कंपनीनेच तशी सोय केलेली आहे, म्हणजे बदलणं सोडाच, पेट्रोल भरताना दरवेळी डिपस्टिक बघावी लागते. कॉम्प्रेशन तपासायचं तर नेहमीचा गेज पुरेसा नाही, रोटरच्या तिन्ही बाजू वेगवेगळ्या दाखवणारा टेस्टर लागतो. निस्सानची ३००झेडएक्स ट्विन टर्बो उघडून बघा, बोनेटखाली बोट घालायला जागा नाही, आणि तिथे टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकले म्हणून समजा. तिन्ही गाड्या जपानीच.

दुसरा मुद्दा कमी चाललेल्या गाडीचा, आणि हा मला सगळ्यात घातक वाटतो कारण ऐकायला एकदम शहाणपणाचा वाटतो. मीटरवर ३०,००० मैल बघून माणूस विरघळतो. पण उभी गाडी म्हणजे जपलेली गाडी नाही हो. टाकीतलं पेट्रोल खराब होऊन इंजेक्टर चोंदतात, ब्रेकचे कॅलिपर जाम होतात, सीलं कोरडी पडतात, आणि टायरला नक्षी पुरेपूर असते पण रबर लाकडासारखं. टायरच्या कडेला छापलेल्या ‘डीओटी’ या अक्षरांच्या पुढे शेवटचे चार आकडे वाचा, २३०९ असेल तर २००९ सालचा तेविसावा आठवडा, विकणारा कितीही ‘टायर नवे आहेत’ म्हणू दे.

आमच्याकडे उत्तरेत तर वेगळंच प्रकरण, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. पहिल्या पिढीच्या मियाटाला कापडी टप आहे, टपावरचं पाणी मागच्या बाजूने एका पन्हळीतून सीटांच्या मागे दोन भोकांत उतरतं आणि तिथून खाली जातं. गाडी झाडाखाली उभी राहिली की त्या भोकांत पानं, माती, काय काय साचतं. मग पाणी खाली जात नाही, कार्पेटखाली शिरतं, दाराखालच्या पट्टीत जाऊन बसतं आणि पत्रा आतून कुजायला लागतो, बाहेरून बरेच दिवस काही दिसत नाही. म्हणून गाडी बघायला जाताना पाण्याची बाटली बरोबर न्या. टप उघडून दोन्ही बाजूंच्या भोकात थोडं थोडं ओता आणि खाली वाकून मागच्या चाकाच्या पुढे पाणी पडतंय का बघा, दोन्हीकडे पडलं पाहिजे. तिथलाच, दाराखालच्या पट्टीचा मागचा कोपरा अंगठ्याने दाबा, रंगाला फुगे आलेत का बघा, आणि खाली ताजा काळा डांबरासारखा कोट मारलेला दिसला तर जास्तच बारकाईने बघा कारण तो बहुतेक काहीतरी झाकायलाच मारतात. मालकाला राग आला तर येऊ दे. ओतलेलं पाणी परत वर आलं तर भोकात गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी घाला, तारेने खालचा रबरी पाइप फाटतो.

मला विचाराल तर दीड लाख मैल चाललेली, दर वर्षी चालवलेली आणि बिलांची जाड फाइल असलेली गाडी मी आधी घेईन. इंजिनाचं काम निघालं तर करता येतं, कुजलेल्या पत्र्याचं काम निघालं की वेल्डिंगवाला भाव सांगतो आणि आपण गप्प बसतो.

तिसरा मुद्दा पार्टचा. मियाटापुरता हा बऱ्यापैकी खरा आहे, खोटं कशाला बोलू. पहिल्या पिढीच्याच चार लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, सगळ्या पिढ्या धरून दहा लाखावी २०१६ मध्ये निघाली, त्यामुळे पार्ट बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक आहे. माझदाने २०१७ मध्ये जपानात पहिल्या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून द्यायचा कार्यक्रम जाहीर केला आणि त्याच्यासाठी बंद झालेले पार्ट परत काढायला घेतले, अगदी तेव्हाचे ब्रिजस्टोनचे टायरसुद्धा. निस्सानने स्कायलाइन आर-३२ जीटी-आर साठी त्याच वर्षी असंच काहीतरी सुरू केलं, टोयोटाने नंतर सुप्रासाठी. छान आहे. पण हे नशीब लाडक्या लेकरांचं. मित्सुबिशी ३०००जीटी व्हीआर-४ घेऊन बसलेल्या माणसाला विचारा, चारही चाकांना पॉवर, चारही चाकं वळणार, हवा कापणारे पुढचे-मागचे स्पॉयलर आपोआप हलणार, १९९१ मध्ये हे जादूसारखं होतं आणि आज त्यातला प्रत्येक छोटा मोटर आणि सेन्सर शोधत फिरावं लागतं, वर कॉम्प्युटरमधले कपॅसिटर गळून बोर्ड खातात ते वेगळंच. आणि ‘स्वस्त’ पार्टबद्दल एवढंच सांगतो की स्वस्तातला नकली रबरी पार्ट दोन वर्षांत परत बदलायचा असतो, मेहनत मात्र दोन्ही वेळा सारखीच लागते.

पैसे बुडत नाहीत म्हणे! हे सगळे आकडे येतात लिलावाच्या बातम्यांवरून. २०२१ मध्ये ती केशरी सुप्रा ५,५०,००० डॉलरला गेली, पण ती ‘फास्ट अँड फ्युरिअस’ सिनेमात वापरलेली गाडी होती, तिच्या भावावरून शेजारच्या सुप्राचा भाव लावणं म्हणजे कमालच आहे. ज्या गाड्यांचे भाव खरंच चढले त्या मूळ स्थितीतल्या, मॅन्युअल गिअरच्या, न गंजलेल्या, आणि आपल्यातला निम्मा जनसमुदाय गाडी घेतल्या घेतल्या सस्पेन्शन खाली आणतो, सायलेन्सर बदलतो, १.६ ला टर्बो लावतो आणि मग मागचं छोटं डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) फोडतो. करा हौस, पण मग त्याला गुंतवणूक म्हणू नका. जॅक, टॉर्क रेंच, टायर, इन्शुरन्स, हिवाळ्यात झाकून ठेवायला जागा, याचा हिशोब कुणी धरतच नाही, आपल्या वेळेचा तर नाहीच. आणि किंमत टिकवायची म्हणून चालवायचीच नाही असं ठरवलंत तर उभ्या गाडीची सगळी दुखणी तुमच्याच दारात.

राहिला शेवटचा मुद्दा, भारतात नेण्याचा, आणि इथे फॉरवर्ड सरळ सरळ चुकीचा आहे. पंचवीस वर्षांचा नियम अमेरिकेचा आहे, १९८८ च्या कायद्यातून आलेला, तो बाहेरच्या गाड्या अमेरिकेत आणण्यासाठी. म्हणून तर १९९९ ची निस्सान स्कायलाइन आर-३४ जीटी-आर इथे २०२४ पासून रीतसर यायला लागली. कॅनडात हीच मुदत पंधरा वर्षं आहे. भारताचा याच्याशी काडीचा संबंध नाही, तिथे वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे पाहिजे, माझ्या गाडीचं तर डावीकडे. विंटेज म्हणाल तर भारताच्या २०२१ च्या नियमांत विंटेजची व्याख्या पन्नास वर्षांच्या वरची गाडी, म्हणजे पहिल्या मियाटाला २०३९ उजाडावं लागेल. माझ्या मावसभावाने हा मेसेज वाचून मला खरंच विचारलं होतं की कंटेनरचं भाडं किती पडेल.

त्याला मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. पुण्या-मुंबईत राहून जुन्या जपानी गाडीची खाज भागवायची असेल तर जुनी होंडा सिटी १.५ व्हीटेक शोध, २००० च्या सुमाराला आलेली. व्हीटेक म्हणजे इंजिन जोरात फिरवलं की जास्त ताकद देणारी होंडाची व्हॉल्व्हची युक्ती. ती काही स्पोर्ट्स कार नाही, सेडान आहे, पण इंजिन साडेचार-पाच हजार आरपीएमच्या वर फिरवलं की काय ते कळतं, आणि पार्टसाठी कुर्ल्याचं भंगार मार्केट आहेच. फक्त आरसी आधी बघ. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, वर पर्यावरण कर, आणि वीस वर्षांच्या वरच्या कारची नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालीय. मुदत संपलेली गाडी ‘कागद करून देतो’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल, तर कागद आधी करून घे, टोकन नंतर.