एम.बी. भरणाऱ्यांच्या मुलखात अणुभट्टी

दिवाळीत अंबाजोगाईला गेलो होतो. ओसरीवर फराळ चालू होता आणि विषय निघाला परळीत अणुभट्टी आणायचा. म्हणजे कुणी आणतंय असं काही नाही. जुन्या औष्णिक केंद्रांच्या जागी छोट्या अणुभट्ट्या बसवायच्या, असं काहीतरी चुलतभावाला मोबाइलवर आलं होतं. आणि जुनं औष्णिक केंद्र म्हटलं की आमच्याकडं परळीच. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज, ही घोषणा फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पातली. त्याच एप्रिलमध्ये महानिर्मितीनं रशियाच्या रोसाटॉमबरोबर थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला. एवढं भांडवल ओसरीला पुरे होतं.

दादा, म्हणजे हा चुलतभाऊ, गुत्तेदार (कंत्राटदार) आहे. तो खुश. "बापू, नुसतं कंपाउंडचं गुत्तं भेटलं तरी पाच वर्षं बघायला नको." त्याचा मेव्हणा शाळेत विज्ञान शिकवतो, तो म्हणाला चेर्नोबिल होईल, कंपाउंडसकट सगळं जाईल. नानांनी परळीच्या थर्मलला तीस वर्षं काढलीत. त्यांनी एकच विचारलं, "पाणी कुठून आणताव?" २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून अख्खं परळी केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, हे त्यांनी आतून बघितलेलं. प्रश्न बिनतोड होता, म्हणून सगळ्यांनी तो सोडून दिला आणि पुन्हा विकास की विनाश यावर आले.

मी गप्प होतो. सोळा वर्षं अमेरिकेच्या दक्षिणेत अणुवीज प्रकल्पांवर तपासनीस म्हणून काम करतो, त्यामुळं 'आता तू सांग' म्हणून सगळे माझ्याकडं बघत होते. पण मला जे सांगायचं होतं ते ना दादाच्या बाजूचं होतं ना मेव्हण्याच्या. मला सांगायचं होतं ते टेपबद्दल. मोजायच्या टेपबद्दल.

त्यासाठी आधी एक जुनी गोष्ट. डिप्लोमा होऊन जेमतेम वर्ष झालेलं, मी एका गुत्तेदाराकडं साइटवर होतो. (दादाकडं नाही, तो तेव्हा ट्रॅक्टर चालवायचा.) काम सिमेंट नाला बांधाचं. ३१ मार्चच्या रात्री एका लॉजच्या खोलीत एम.बी. भरायला बसलो. ज्यांचा या वहीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी: एम.बी. म्हणजे मोजमाप पुस्तिका. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, खोली तिच्यात चढवायची आणि त्यावरून बिल निघायचं. साहेब पलंगावर, मी खाली सतरंजीवर, मध्ये मटणाचं ताट. पाया अंदाजपत्रकात दीड मीटर. खाली कठीण लागलं म्हणून आम्ही नव्वद सेंटीमीटरवर थांबलो होतो. साहेबांनी विचारलं, "खोली किती?" मी गुत्तेदाराकडं बघितलं. तो म्हणाला, "अंदाजपत्रकात किती आहे?" आणि साहेबांनी १.५० लिहिलं. माझा टेप पिशवीतच होता. पाया तर मातीखाली गेलेला, त्याला कोण उकरून बघतंय. बांध अजून उभा आहे, हेही सांगायला हवं. कदाचित नव्वद सेंटीमीटर पुरेसे असतील. पण पुरेसे आहेत का, हे कुणी तपासलंच नाही, कारण कागदावर प्रश्नच उरला नव्हता.

आता इकडचं, अमेरिकेतलं काम. त्याला वॉकडाऊन म्हणतात. हातात पाइपलाइनचा आराखडा, टॉर्च, टेप आणि दाताच्या डॉक्टरकडं असतो तसा लांब दांड्याचा आरसा. पाइप भिंतीला जिथं जिथं धरून ठेवलाय त्या प्रत्येक आधारापाशी जायचं. आराखड्यात आहे तिथंच आहे का? त्याच प्रकारचा आहे का? पाइप आणि आधार यांच्यात सोडायला सांगितलेली फट तेवढीच आहे का? वेल्डची जाडी? मागचा बोल्ट दिसत नाही, मग आरसा घालून बघायचं. एका खोलीत दिवस जातो. पहिल्या वर्षी मला हा निव्वळ वेडेपणा वाटला. दोन इंच इकडं-तिकडं झालं तर काय आभाळ कोसळणार?

मग एका म्हाताऱ्या डिझायनरनं समजावलं. भूकंपात हा पाइप किती हलेल याचं गणित झालंय ते आराखड्यातल्या पाइपचं. आधार सरकला की पाइपची थरथर बदलते, म्हणजे आपण बसवला तो पाइप वेगळा झाला. त्याचं गणित कुणीच केलेलं नाही. गणित कागदावरच्या पाइपचं, आणि भूकंप मात्र येणार भिंतीवरच्या पाइपला.

हे ऐकताना मला किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या आत. मी नऊ वर्षांचा होतो, आमच्या घराच्या फक्त भांड्या-कपाटांनी आवाज केला, पण पुढचे कित्येक दिवस आम्ही अंगणात झोपलो. देशाच्या भूकंप नकाशावर तो भाग तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नकाशा सुधारला २००२ मध्ये, जवळजवळ दहा हजार माणसं गेल्यावर. कागद आणि जमीन यांचा मेळ नसला की काय होतं, ते मराठवाड्याला कुणी अमेरिकेहून येऊन शिकवायची गरज नाही.

इकडंही हे शहाणपण उपजत आलेलं नाही. प्रत्यक्ष बसवलेले पाइप आणि भूकंपाच्या हिशेबातले पाइप जुळत नाहीत असं आढळल्यावर १९७९ मध्ये इथल्या अणु नियामक आयोगानं सगळ्या प्रकल्पांना फर्मान काढलं, की जाऊन बघा आणि जुळवा. दोनच वर्षांनी कॅलिफोर्नियात डियाब्लो कॅनियनला त्याहून भारी प्रकार निघाला. तिथली दोन युनिटं आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटसुलट, आणि भूकंपाच्या हिशेबात एकाच्या जागी दुसऱ्याचा आराखडा वापरलेला! चूक सापडली ती परवाना मिळाल्यानंतर. परवाना स्थगित झाला.

अलीकडचं उदाहरण इथल्याच जॉर्जिया राज्यातल्या व्होगल प्रकल्पाचं. तिसऱ्या युनिटच्या पायाच्या सळया मंजूर आराखड्याप्रमाणं बांधलेल्या नाहीत, हे २०१२ मध्ये नियामकांच्या निरीक्षकांनी काँक्रीट पडायच्या आत पकडलं. दुरुस्ती, परवान्यात बदल, त्याची मंजुरी यात महिने गेले आणि पायाचं काँक्रीट पडलं मार्च २०१३ मध्ये. माझ्या त्या नाला बांधाच्या पायाशी याची तुलना मी मनात किती वेळा केली असेल, मोजलेलं नाही.

पण मला खरी आवडते ती फटीची गोष्ट. अणुभट्टीची मुख्य इमारत आणि तिला लागून असलेली दुसरी इमारत यांच्यात काही इंचांची मोकळी फट ठेवलेली असते. भूकंपात दोन्ही वेगवेगळ्या हलतील तेव्हा एकमेकींना धडकू नयेत म्हणून. व्होगलला बांधकामात एक भिंत किंचित बाहेर आली आणि ती फट ठरल्यापेक्षा कमी भरली. इंचाच्या आसपासचा फरक. आमच्याकडं गवंड्यानं 'प्लास्टरमध्ये निघून जाईल' म्हटलं असतं. इथं कंपनीला २०२० मध्ये नियामकांकडं रीतसर अर्ज करावा लागला, की आमच्या परवान्यात लिहिलेली फट बदलून द्या, कमी फटही चालते याचं गणित हे घ्या. तो अर्ज सगळ्यांना वाचता येत होता. एका पर्यावरण संघटनेनं तो वाचला आणि आव्हान दिलं, इमारत खचतेय असा मुद्दा काढला. सुनावणी करणाऱ्यांनी ते फेटाळलं, कंपनीचं म्हणणं मान्य झालं. संघटना हरली म्हणून मला वाईट वाटलं नाही आणि आनंदही झाला नाही. एका भिंतीच्या इंचभर चुकीवर बाहेरच्या माणसाला कागद हातात धरून भांडता आलं, यात मला रस आहे.

त्या एका युनिटला इंधन भरायच्या आधी अशा ३९८ गोष्टी एकेक करून सिद्ध करायच्या होत्या: ही तपासणी, ही चाचणी, हा निकष, जुळलं की नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आयोगानं सगळं जुळलं म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं इंधन आत गेलं.

आता कुणी म्हणेल, बापू अमेरिकेचे पोवाडे गायला लागला. तर ऐका. व्होगलची नवी दोन युनिटं सुमारे सात वर्षं उशिरा सुरू झाली, खर्च तीस अब्ज डॉलरच्या वर गेला आणि तो जॉर्जियातल्या लोकांच्या वीजबिलात वाढलाय. शेजारच्या साउथ कॅरोलिनात तशीच दोन युनिटं २०१७ मध्ये अर्धवट सोडून दिली, आणि काम किती रखडलंय हे लपवल्याबद्दल कंपनीचा मुख्य अधिकारी पुढं तुरुंगात गेला. सळईचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजणारी व्यवस्था वरच्या मजल्यावरचं खोटं मोजू शकली नाही. आणि २०२१ मध्ये व्होगललाच केबलींमधलं अंतर आराखड्याप्रमाणं नाही असं उघड झालं, तेही तपासनिसांची फौज असताना.

त्या फौजेतलाच मीही एक, आणि माझीही चूक झालीय. एका कामावर (नाव सांगत नाही) मी एका आधाराची तपासणी करून सही केली. दुसऱ्या दिवशी कळलं, माझ्या हातात आराखड्याची चौथी आवृत्ती होती आणि पाचवी आदल्या संध्याकाळी निघाली होती. आधार पाचवीप्रमाणं चुकीच्या जागी होता. पोटात गोळा आला. माझं अंबाजोगाईचं डोकं म्हणालं, रात्रीतून काहीतरी 'ॲडजस्ट' कर. सुपरवायझरकडं गेलो तर तो म्हणाला, "लिही." मी माझ्याच विरुद्ध अहवाल लिहिला: काय झालं, कधी, कसं. त्याला नंबर पडला. आधार कापून पुन्हा बसवला. मला कुणी काढलं नाही; पुढच्या आठवड्यापासून जुन्या आवृत्त्या साइटवरून उचलायची पद्धत बदलली, एवढंच. चुकलं असं लिहायला जागा होती, म्हणून मला खोटं लिहावं लागलं नाही. एम.बी.मध्ये तसा रकानाच नाही. तिथं खोली ०.९० लिहिली असती तर बिल अडकलं असतं, साहेबांवर चौकशी, गुत्तेदार काळ्या यादीत, आणि माझी नोकरी सकाळीच गेली असती. मग सगळ्यांच्या सोयीचा आकडा एकच: अंदाजपत्रकातला.

भारतात अणुऊर्जेचं सगळं नाला बांधासारखंच चालतं असं मी म्हणणार नाही. १९९४ मध्ये कर्नाटकात कैगाला बांधकाम चालू असतानाच अणुभट्टीच्या घुमटाचा आतला थर कोसळला, तेव्हा डिझाइन बदलूनच पुढं गेले. तमिळनाडूत कुडनकुलमला २०१३ मध्ये चार व्हॉल्व्ह सदोष निघाले, ते बदलले. तपासणारी माणसं आपल्याकडं आहेत आणि ती माझ्यापेक्षा हुशार आहेत. पण त्यांनी तपासलेलं तुम्हा-आम्हाला वाचायला मिळत नाही. कुडनकुलमचा सुरक्षा अहवाल लोकांना द्या असं माहिती आयोगानं २०१२ मध्ये सांगितलं, तर प्रकरण कोर्टात गेलं. मी परत आलो त्यानंतर, डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं 'शांती' कायदा मंजूर केला. १९६२ चा जुना अणुऊर्जा कायदा गेला, खासगी कंपन्यांना दार उघडलं, अणुऊर्जा नियामक मंडळाला कायद्याचं अधिष्ठान मिळालं. हे शेवटचं खरोखर चांगलं आहे, कित्येक वर्षांची मागणी होती. पण त्याच कायद्यात कोणती माहिती गोपनीय ठरवायची हे सरकारच्या हातात, आणि तिच्यापुढं माहितीचा अधिकार चालत नाही. इंधन कुठं ठेवलंय ते कुणी विचारत नाहीये. पण दोन इमारतींमधली फट किती भरली, हे गुपित असायचं कारण काय? दादासारख्यांना कंपाउंडचं गुत्तं देणार असाल तर पायाची खोली सगळ्यांना दिसू द्या. वर्तमानपत्रांत मात्र चर्चा परदेशी की देशी, खासगी की सरकारी, अशीच चाललीय.

हे सगळं मी गेल्या रविवारी दादाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता, मागं मिक्सर फिरत होता. मग म्हणाला, "ते सगळं राहू दे. तो सरकारी तपासायला येणारा माणूस दुपारी जेवायला कुठं जातो?"

मी सांगितलं. नियामकांचे निरीक्षक प्रकल्पावरच बसतात, न सांगता कुठल्याही खोलीत शिरू शकतात, एका ठिकाणी सात वर्षांवर ठेवत नाहीत. आणि कंपनीच्या पैशानं जेवत नाहीत. मी ओळखायचो तो एक जण घरून डबा आणायचा. बहुतेक वेळा शेंगदाण्याचं बटर लावलेला पाव.

"रोज?"

"रोज."

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. "मग अवघडय गड्या," म्हणाला, आणि सोयाबीनच्या भावावर आला.