धोलावीरा म्हणे अर्धा तास

आज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला. कच्छच्या सहलीला गेलेले एक काका धोलावीराच्या, म्हणजे तिथल्या हडप्पा संस्कृतीच्या प्राचीन शहराच्या अवशेषांतल्या, पूर्वेकडच्या तलावाच्या काठावर, म्हणजे जिथे मुळीच चढू नये त्या भिंतीवर उभे राहून म्हणतायत, "एवढ्या लांब आलो आणि इथे नुसते दगड!" खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. सहलीच्या कागदावर छापलेलं: धोलावीरा, अर्धा तास, फोटो. सणकच गेली डोक्यात.

व्हिडिओ नीट बघा. भर दुपार, डोक्याला टोपी नाही, पायात स्लिपर, हातात अर्ध्या लिटरची बाटली. या तयारीने गेलात तर दगडच दिसणार! डोक्यावरच्या उन्हात भिंतींच्या रेषा सपाट होतात. सकाळच्या तिरप्या उन्हात दगडाचा प्रत्येक सांधा उठून दिसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, सकाळी आठच्या आत आत शिरा आणि किमान अडीच तास ठेवा. एकूण चाल तीन-साडेतीन किलोमीटर, पण सावली जवळजवळ नाही. माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि जाड तळव्याचे बूट. बूट मिरवायला नव्हेत. तिथे वेडी बाभूळ माजली आहे आणि तिचा काटा स्लिपरमधून आरपार पायात जातो.

आणि सुरुवात पाण्यापासून करा. काका ज्या तलावाच्या काठावर उभे आहेत ना, तो साधारण 73 मीटर लांब, 29 मीटर रुंद आणि 10 मीटर खोल आहे, उतरायला पायऱ्या आहेत. वाळवंटात साडेचार हजार वर्षांपूर्वी! उत्तरेला मानसर, दक्षिणेला मनहर, दोन्ही फक्त पावसाळ्यात वाहणारे ओढे. त्यांना बांध घालून पाणी वळवलं आणि एका तलावातून दुसऱ्यात सोडलं. तटाच्या आत उंच-सखल भागांत साधारण 13 मीटरचा फरक आहे, त्याचाच उपयोग केला. हा उतार गाडीतून कळत नाही. चालताना पोटऱ्यांना कळतो.

तिथून पूर्व दरवाजाने बालेकिल्ल्यावर, म्हणजे शहराच्या उंच तटबंद भागावर चढा. दरवाजाशी घासून गुळगुळीत केलेल्या दगडी खांबांच्या बैठका आहेत, तिथे थांबा. वर विहीर आहे आणि पावसाचं पाणी वाहून नेणारी गटारं. ती एवढी मोठी की माणूस वाकून आत जाईल (जाऊ नका, विंचू असतात). मग उत्तर दरवाजा. सिंधू लिपीतल्या दहा मोठ्या चिन्हांची प्रसिद्ध पाटी इथेच सापडली. जिप्समचे तुकडे लाकडी फळीत बसवलेले, एकेक चिन्ह सुमारे 37 सेंटिमीटर उंच. लाकूड कुजून गेलं, चिन्हं राहिली, आणि ती अजून कुणाला वाचता आलेली नाहीत. या पाटीबद्दल आधी वाचून जा, नाहीतर त्या दरवाजात काय बघायचं तेच कळणार नाही. खाली सुमारे 283 मीटर लांबीचं मोकळं मैदान, त्यापलीकडे मधली वस्ती. खालची वस्ती मात्र झटपट उरकली तरी चालेल. दक्षिणेकडचे खडकात खोदलेले तलाव शेवटी बघा, पण बघाच. बहुतेक लोक तोवर दमून गाडीत जाऊन बसलेले असतात.

भिंतींवर चढण्याबद्दल पुन्हा एकदा. दगड मातीच्या गाऱ्यात बसवलेले आहेत. वरचा दगड हलला की गारा भुगा होऊन गळतो आणि पुढच्या पावसात तो भाग बसतो. काकांच्या वजनाने लगेच काही कोसळणार नाही, पण त्यांच्यामागे फोटोसाठी रांग लागलेली दिसतेय ना? खापरं, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे खिशात टाकणं तर कायद्याने गुन्हा आहे. "एकच घेतला" असं कौतुकाने सांगू नका.

बरं, मान्य. गुडघे दुखणाऱ्यांना, लहान मुलांना अडीच तास झेपत नाहीत. त्यांनी तलाव आणि पूर्व दरवाजा एवढंच निवांत बघावं, तेही पुष्कळ आहे. खरं तर त्या काकांवर चिडून तरी काय उपयोग? 1967-68 मध्ये पुरातत्त्वज्ञ जगत्पती जोशींनी ही जागा उजेडात आणली, 1990 पासून पुरातत्त्वज्ञ रवींद्रसिंह बिष्ट यांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं, 2021 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं, आणि यातलं एक अक्षर बसमध्ये कुणी त्यांना सांगितलं नसणार. पांढऱ्या रणातून निघून, खावड्याकडून रणातून धोलावीराला येणाऱ्या त्या रीलवाल्या रस्त्यावर चार वेळा उतरून, जेवणाच्या वेळेला तिथे आणून सोडलं. माणूस वैतागणारच.

म्हणून सहल ठरवतानाच भांडा. धोलावीरा ज्या खदिर बेटावर आहे, मुक्काम तिथेच मागा. भुजहून रणातल्या रस्त्याने साधारण 140 किलोमीटर पडतं, टाकी भुजलाच भरून घ्या. मुंबईहून रेल्वेने येणारे भचाऊला उतरून रापरमार्गेही येऊ शकतात. आदल्या संध्याकाळी पोहोचलात तर जवळच्या जीवाश्म उद्यानात ज्युरासिक काळातली दगड झालेली झाडं बघून घ्या, मात्र तिथून खाली रणात लांबवर चालत जाऊ नका. वरून कोरडं दिसणारं मीठ पायाखाली फुटतं आणि चिखलात पाय घोट्याच्या वर रुततो. आणि शुक्रवार टाळा, पुरातत्त्व खात्याची स्थळसंग्रहालयं बहुधा त्या दिवशी बंद असतात.