आधी दारू सुटू दे, मग मनाचे पाहू

मावसभावाला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे की नाही, यावर आमच्या नातेवाइकांत वाद पेटला आहे आणि वडीलधाऱ्यांचा निकाल ठरलेला आहे: आधी दारू सुटू दे, मग मनाचे पाहू. इंग्लंडमध्ये बसून हे ऐकताना माझे डोके फिरते. रात्री कानात घुमणारे आवाज थांबावेत म्हणून जो पितो, त्याला असे सांगणे म्हणजे ताप उतरल्यावर दवाखान्यात ये म्हणण्यासारखे आहे.

धाक घालून त्याची दारू एकदम तोडली, तेव्हा तिसऱ्या दिवशी तो थरथरत्या हातांनी चादरीवरचे नसलेले किडे झटकत होता. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की असा भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते. घरच्यांनी मात्र त्याच्या त्या भ्रमाला सोंग ठरवले.

उलट बाजूही खरी आहे. दारूनेच आणलेले नैराश्य काही आठवडे न पिता राहिल्यास पुष्कळदा ओसरते. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या तरुणांवर झालेल्या आणि १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गांजा सर्वाधिक ओढणाऱ्यांना पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचा धोका सहापट आढळला. पण आधी काय आणि नंतर काय, हे तपासायलाच तर तज्ज्ञ लागतो!

व्यसन आहे म्हणून गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णाला उपचार नाकारू नयेत, असे येथील नाइसचे, म्हणजे उपचार कसे व्हावेत हे सुचवणाऱ्या सरकारी संस्थेचे, २०१६ चे मार्गदर्शन सांगते, आणि ते मी भावंडांना मोठ्या रुबाबात ऐकवले. येथे २०१३ पासून व्यसनमुक्ती काउन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) व मानसोपचार एनएचएसकडे (सरकारी आरोग्यसेवेकडे) असल्याने रुग्ण दोहोंच्या मध्ये लोंबकळतो, हे मात्र गिळले. येथील १९८३ चा मानसिक आरोग्य कायदा निव्वळ व्यसनाधीनतेला मानसिक विकार धरत नाही. भारताचा २०१७ चा कायदा मात्र दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारातच मोजतो. हेही सांगायचे मी टाळले, कारण मग परदेशातून शिकवायला माझ्याकडे उरले काय असते?

काउन्सिलने एखादे केंद्र बंद केल्याची बातमी मी चहाबरोबर वाचून विसरतो, मावशीच्या एका वाक्यावर मात्र रात्रभर उत्तरे रचत बसतो. "एवढं कळतं तर ये आणि चार रात्री त्याच्या उशाशी बस," असे ती म्हणाली. मी रजेचे कारण पुढे केले. तरीही दोन्ही उपचार एकाच वेळी, एकमेकांशी बोलणाऱ्या डॉक्टरांकडून व्हावेत, हा हट्ट मी सोडणार नाही.