नाईक साहेबांबद्दलचा 'तो' मेसेज: थोडा खुलासा

कृषिदिनाच्या तोंडावर आपल्याकडल्या ग्रुपवर दरवर्षी एक मेसेज फिरतो: 'वसंतराव नाईक, नांगर सोडून थेट मुख्यमंत्री झालेले महाराष्ट्राचे पहिले शेतकरी मुख्यमंत्री.' यंदा आमच्या ग्रामपंचायतीच्या फ्लेक्सवर तर 'शेतकरी' हा शब्दच गळला. उरलं 'पहिले मुख्यमंत्री'!

पहिले यशवंतराव चव्हाण. त्यानंतर मारोतराव कन्नमवार, तेही आपल्या चंद्रपूरकडचेच. त्यांच्या निधनानंतर, डिसेंबर 1963 मध्ये नाईक साहेब आले आणि फेब्रुवारी 1975 पर्यंत राहिले.

'थेट' तर मुळीच नाही. गहुलीच्या शेतकरी घरातला हा मुलगा नागपूरला वकिली शिकला, पुसदला काळा कोट घालून उभा राहिला, तिथल्या नगरपालिकेचा अध्यक्ष झाला. 1952 मध्ये आमदार, तेही मध्य प्रदेशात, कारण तेव्हा पुसद तिकडेच होतं अन् राजधानी नागपूर. उपमंत्रीही तिथेच. कृषी खातं हाती आलं ते पुढे द्विभाषिक मुंबई राज्यात. संकरित ज्वारीचा आग्रह धरणारा माणूस सातबारा अन् फाइल दोन्ही वाचून आलेला होता.

1 जुलै ही जन्मतारीख मात्र मेसेजात बरोबर आहे. फ्लेक्सवाल्याला दुरुस्ती कळवली आहे.